कन्फ्यूशियसला एकच चेहरा नको

जुन्या काळातल्या थोर माणसांचे ‘खरे चेहरे’ संगणकाकडून बनवून घेण्याची हौस सध्या वाढली आहे आणि प्राचीन चीनचा गुरू कन्फ्यूशियसही तिच्यातून सुटलेला नाही. सुरकुतलेला, ओलसर डोळ्यांचा, छातीवर पांढरी दाढी रुळणारा एक वृद्ध, आणि खाली ठाम विधान की तो असाच दिसत होता. मग वाद पेटतो. एक गट म्हणतो, हे चित्र चूक, कारण त्याच्या गावातल्या, छूफूच्या, मंदिरातली मूर्ती अशी नाही. दुसरा म्हणतो, जगभर शंभर तऱ्हेचे कन्फ्यूशियस दिसतात, एकदाचे एक रूप ठरवून टाका. तिसरा दोघांनाही उडवून लावतो: अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा चेहरा कुणी पाहिला आहे? सगळी चित्रे थापा, ग्रंथ वाचा आणि चित्रे विसरा. तिघांचे आपसांत पटत नाही, पण एक गोष्ट तिघेही गृहीत धरून बसले आहेत. चित्राची किंमत ते मूळ माणसाशी किती जुळते यावरच ठरते, अशी ती समजूत. हा वाद फसतो तो तिथेच. कन्फ्यूशियसचे चित्र काढणारा प्रत्येक कलावंत एक निवड करत असतो: आयुष्यातला कोणता प्रसंग घ्यायचा, अंगावर कोणता पोशाख चढवायचा, शेजारी कुणाला उभे करायचे, त्याला वाकलेला दाखवायचा की सिंहासनावर बसवायचा. चित्र जोखायचे ते या निवडीवरून. आणि त्या कसोटीवर पाहिले, तर कुठलेही एक रूप अधिकृत ठरवणे हा या माणसावर अन्याय आहे, ते रूप कितीही देखणे असले तरी.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. कन्फ्यूशियस इ. स. पू. 551 मध्ये लू राज्यात, म्हणजे आजच्या शानतोंग प्रांतात जन्मला आणि इ. स. पू. 479 मध्ये वारला. त्याच्या हयातीतले एकही चित्र आपल्यापर्यंत आलेले नाही. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी जमवलेल्या ‘लुन्यू’ या वचनसंग्रहात तो कसा बसे, कसा चाले, कोणत्या रंगाच्या झग्यावर कोणती कातडी घाले, याचे बारकावे आहेत. नाकडोळ्यांविषयी मात्र काही नाही. शिष्यांना आठवला तो स्वभाव: सौम्य पण करडा, दरारा वाटावा पण भीती वाटू नये, आदबशीर आणि तरीही मोकळा. शरीराचे वर्णन येते ते इतिहासकार सिमा छ्येनच्या ग्रंथात, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनी. त्यात त्याची उंची नऊ ‘छी’ सहा ‘त्सुन’ दिली आहे. कोणत्या काळातला छी धरायचा यावर ती सव्वासहा फुटांपासून सात फुटांच्याही वर जाते. डोक्याचा माथा मधोमध खोलगट होता, असेही तिथेच म्हटले आहे. एवढ्या साहित्यातून खरा चेहरा उभा करायचा म्हणणारा माणूस एकतर भोळा असला पाहिजे, नाहीतर त्याला काहीतरी विकायचे असले पाहिजे.

पण सिमा छ्येनने नोंदवलेली एक गोष्ट या वादात कुणी आणत नाही, याचे मला फार आश्चर्य वाटते. राज्याराज्यांतून भटकत असताना चंग राज्याच्या वेशीपाशी गुरू आणि शिष्यांची चुकामूक झाली. कन्फ्यूशियस पूर्वेच्या दरवाजाजवळ एकटाच उभा होता. एका गावकऱ्याने त्याला पाहिले आणि झिगोंग या शिष्याला येऊन सांगितले: तिकडे एक माणूस उभा आहे, त्याचे कपाळ सम्राट याओसारखे, मान अमुकासारखी, खांदे तमुकासारखे, पण अवतार असा की घर हरवलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. झिगोंगने हे जसेच्या तसे गुरूला सांगितले. कन्फ्यूशियस हसला. रूपाचे म्हणशील तर त्याला महत्त्व नाही, तो म्हणाला, पण घर हरवलेल्या कुत्र्यासारखा, हे मात्र अगदी खरे. ही गोष्ट घडली की रचली गेली, हे ठरवणे आज अशक्य आहे. पण ती सांगणाऱ्यांना या माणसातले मर्म गवसले होते. पुराणपुरुषांच्या अवयवांची उसनवारी करून रचलेले रूप त्याने बाजूला सारले आणि बेघर भटक्याची उपमा हसत स्वीकारली. गुरूच्या चेहऱ्यावरून भांडणाऱ्यांनी गुरूचे हे उत्तर आधी ऐकायला नको का?

आणि गंमत अशी की सर्वांत जुन्या चित्रकारांनी ते ऐकले होते. 2015 मध्ये च्यांगशी प्रांतात नानचांगजवळच्या एका थडग्यात एक मोठा आयताकृती काशाचा आरसा सापडला. त्याच्या लाखेचे काम केलेल्या चौकटीवर कन्फ्यूशियस आणि त्याचे शिष्य रंगवलेले आहेत, सोबत त्यांची चरित्रे लिहिलेली आहेत. आज माहीत असलेले कन्फ्यूशियसचे हे सर्वांत जुने चित्र. थडगे हायहुनचा सरदार ल्यू ह याचे. हा ल्यू ह इ. स. पू. 74 मध्ये हान सम्राट झाला, 27 दिवसांत पदच्युत झाला आणि इ. स. पू. 59 मध्ये वारला. चित्रातला कन्फ्यूशियस सडपातळ आहे. साधा लांब झगा, दाढी, किंचित वाकून हात जोडलेले. मुकुट नाही, आसन नाही. सत्ता गमावलेल्या माणसाने रोज स्वतःचे तोंड पाहायच्या आरशावर कोण हवा म्हणून निवडला, तर सत्ता कधी न लाभलेला शिक्षक. आता शानतोंगमधल्या हान काळातल्या थडग्यांची आणि स्मारकांची दगडी शिल्पपटे पाहा. तिथे एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो: कन्फ्यूशियस ताओ मताचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या वृद्ध लाओत्सेला भेटायला गेला आहे, विधींविषयी विचारायला. दोघे समोरासमोर, बाजूने दाखवलेले, उंचीने जवळपास सारखे. कन्फ्यूशियस वाकून नमस्कार करतो आहे, काही पटांत त्याच्या हातात भेट म्हणून आणलेला पक्षी आहे. आणि दोघांच्या मध्ये चाकाचे खेळणे ढकलणारे एक मूल. हा श्यांग थुओ. सात वर्षांच्या या पोराने कन्फ्यूशियसला प्रश्नांत पकडले आणि त्याचा गुरू ठरला, अशी आख्यायिका होती. म्हणजे सर्वाधिक लोकप्रिय शिल्पात जगाचा हा गुरू एका म्हाताऱ्याचा आणि एका पोराचा विद्यार्थी म्हणून उभा आहे! हान दरबाराने त्याची शिकवण राजमान्य केल्यानंतरचा हा काळ आहे, हेही लक्षात घ्यावे. राजमान्यता मिळाली तरी कारागिरांच्या छिन्नीखाली तो वाकलेलाच राहिला.

तो ताठ बसला तो पुढे. इ. स. 739 मध्ये थांग सम्राट श्वानझोंगने त्याला राजाची पदवी दिली. राजा म्हटल्यावर राजवस्त्रे आली, मंदिरात दक्षिणेकडे तोंड करून बसणे आले, पुढच्या शतकांत मण्यांच्या माळा लोंबणारा मुकुट आला. आज छूफूच्या मुख्य मंदिरात बसलेली मूर्ती अलीकडे नव्याने घडवलेली असली तरी त्याच परंपरेतली. तिच्या मुकुटाला सम्राटाच्या मानाच्या 12 माळा आहेत. आयुष्यभर नोकरी शोधत हिंडलेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावर रिकाम्या हातांनी गावी परतलेल्या माणसाला हे रूप. मूर्ती घडवणाऱ्यांच्या भक्तीवर मला शंका नाही. पण या निवडीने काय केले ते उघड आहे. तरुणपणी मी हलक्या स्थितीत होतो म्हणून नाना हलकी कामे शिकलो, असे म्हणणारा माणूस त्या मुकुटाखाली दिसेनासा झाला.

इथे माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो आजचा नाही, मिंग काळातला आहे. त्या काळातल्या विद्वानांनी मूर्तींवर जी टीका केली, तिच्यापुढे आजचा ‘सगळी चित्रे थापा’ हा सूर फार फिका वाटतो. पंधराव्या शतकातला विद्वान अधिकारी छ्यू जुन याने दाखवून दिले की एका परगण्यातला कन्फ्यूशियस उंच, दुसऱ्यातला बुटका; कुठे लठ्ठ, कुठे रोड; कुठे म्हातारा, कुठे तरुण. मग नमस्कार नक्की कुणाला चालला आहे? त्याही आधी सोंग काळात, चित्रातला एक केस जरी वेगळा निघाला तरी तो माणूस आपला पूर्वज राहत नाही, परकाच होतो, असा युक्तिवाद पूर्वजांच्या तसबिरींविषयी केला गेला होता. कवी सू शीची तक्रार आणखी व्यावहारिक: प्राचीन चीनमध्ये माणसे जमिनीवर चटईवर बसत, नैवेद्याची भांडीही जमिनीवर मांडली जात, आता मूर्ती उंचावर बसवल्या आणि भांडी खालीच राहिली, तर देवाघरी गेलेल्यांनी रांगत येऊन जेवायचे की काय? आणि सर्वांत बोचरा आक्षेप हा, की मूर्ती ही मुळात चिनी रीतच नाही. ती बौद्ध धर्माबरोबर बाहेरून आली, म्हणजे आपल्याकडून गेली.

हा शेवटचा आक्षेप मराठी वाचकाला लगेच उमजावा. भाजे लेणीतल्या चैत्यगृहात किंवा अजिंठ्याच्या 9 आणि 10 क्रमांकांच्या लेण्यांत मूळ रचनेत स्तूपावर बुद्धाची आकृती नाही. काही शतकांनी त्याच अजिंठ्यात 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत स्तूपाच्या दर्शनी भागातच बुद्ध कोरलेला आहे. गुरूची खूण पुरेशी की गुरूचे रूप हवे, हा झगडा आपल्या सह्याद्रीत दगडावर उमटलेला आहे. मूर्तीची ती ओढ मध्य आशियातून चीनला पोचली आणि कन्फ्यूशियसची मंदिरे बुद्धमंदिरांसारखी दिसू लागली. मिंग विद्वानांना सलत होते ते हेच.

1530 मध्ये त्यांचे म्हणणे मान्य झाले. ज्याजिंग सम्राटाने चांग छोंग या मंत्र्याच्या सल्ल्याने कन्फ्यूशियसची राजपदवी काढून घेतली, ‘परम ज्ञानी आद्य गुरू’ एवढेच नाव ठेवले आणि मंदिरांतल्या मूर्ती काढून त्या जागी नाव कोरलेल्या लाकडी पाट्या बसवायचा हुकूम दिला. आजही तैवानमध्ये ताइनानच्या 1665 साली उभारलेल्या मंदिरात पाटीचीच पूजा होते. मला या पाटीविषयी मनापासून आदर आहे. नाव तेवढे ठेवायचे आणि रूपाविषयी गप्प बसायचे, यात प्रामाणिकपणा आहे. मुकुटवाल्या मूर्तीपेक्षा ती पाटी या माणसाच्या अधिक जवळ आहे, हे मी बिनशर्त कबूल करतो.

तरीही मूर्ती हटवल्या की प्रश्न मिटतो, हे खरे नाही. हा हुकूम काढणारा कोण होता? हा तोच सम्राट, ज्याने गादीवर आल्यावर आपल्या जन्मदात्याला सम्राटपदाचा मान द्यावा म्हणून दरबारातल्या विद्वानांशी वर्षानुवर्षे भांडण काढले आणि 1524 मध्ये विरोध करणाऱ्या शंभरावर अधिकाऱ्यांना राजवाड्यात फटके मारवले. त्यातले डझनाहून अधिक मेले. ही माणसे कन्फ्यूशियसचा दाखला देऊन सम्राटाला अडवत होती. त्यांच्या गुरूला राजा म्हणणे बंद झाले, तर सम्राटाच्या बरोबरीचे दुसरे पीठच देशात उरत नाही. विद्वानांचे युक्तिवाद शुद्ध असतील. ते अमलात आले ते मात्र सत्तेला सोयीचे होते म्हणून. मूर्ती बसवणे ही जशी सत्तेची निवड, तशीच ती उचलणे हीसुद्धा. चित्र नको म्हणणारा आपण निवडीच्या बाहेर आहोत असे समजतो, पण रिकाम्या जागेलाही मालक असतो.

शिवाय लोकांनी ती रिकामी जागा रिकामी राहू दिली का? छूफूला सवलत मिळाली, कारण ते घराण्याचे मंदिर, त्यामुळे तिथल्या मूर्ती राहिल्या. आणि त्याच छूफूत, मूर्ती हटवण्याच्या हुकुमाला उणीपुरी 62 वर्षे होत असताना, 1592 मध्ये एक खास दालन उभे राहिले: कन्फ्यूशियसच्या आयुष्यातले प्रसंग 120 शिळांवर कोरलेले. या चित्रमालेची सुरुवात पंधराव्या शतकातली, 1444 च्या सुमाराची; पुढे तिच्या लाकडी ठशांवरून छापलेल्या आणि रंगवलेल्या अनेक आवृत्त्या निघाल्या. माझ्या दृष्टीने कन्फ्यूशियसच्या चित्रपरंपरेतला हा सर्वांत मोलाचा ठेवा आहे. इथे एक मूर्ती नाही, एक आयुष्य आहे. पूजेची भांडी मांडून खेळणारे लहान मूल आहे. धान्याच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा तरुण कारकून आहे, मग गुरे-मेंढ्यांवर देखरेख करणारा. लाओत्सेकडे गेलेला विद्यार्थी आहे. दोन राज्यांच्या भेटीत आपल्या राजाची बाजू धरून उभा राहिलेला मंत्री आहे. छन राज्याजवळ वेढ्यात सापडून अन्न संपले, शिष्य आजारी पडले, तेव्हा तंतुवाद्य वाजवत बसलेला गुरू आहे. थायशान पर्वताच्या पायथ्याशी वाघाने सासरा, नवरा, मुलगा मारलेल्या बाईचे रडणे ऐकून थांबलेला प्रवासी आहे. इथून निघून का गेली नाहीस, या प्रश्नावर ती सांगते की इथे जुलमी राज्यकारभार नाही. शेवटी, मारल्या गेलेल्या दैवी पशूजवळ खचलेला म्हातारा आहे. एकच चेहरा शंभरावर वेळा येतो, पण दर वेळी वेगळ्या कामात, वेगळ्या सोबतीत, वेगळ्या वयात.

या मालेत चमत्कारही भरपूर आहेत, हे लपवायचे कारण नाही. जन्माच्या वेळी आकाशात ड्रॅगन येतात, वाद्ये वाजतात. अलौकिक शक्तींविषयी बोलायचे जो टाळत असे त्याच्या चरित्रात हे यावे, हे मला खटकते. पण चमत्काराच्या शिळेशेजारी कोठाराच्या हिशेबाची शिळा आहे. पाहणाऱ्याला दोन्ही दिसतात आणि त्याने आपले मत बनवायचे असते. एकट्या मूर्तीत ही मुभा कुठे आहे?

आता दुसऱ्या गटाकडे, म्हणजे एकच रूप ठरवा म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांची इच्छा 2006 मध्ये पुरीही झाली. चायना कन्फ्यूशियस फाउंडेशनने त्या वर्षी मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यावर हरकती घेतल्या आणि सप्टेंबरमध्ये छूफूत ‘प्रमाण’ पुतळ्याचे अनावरण केले: लांब दाढीचा, हात जुळवलेला, प्रेमळ वृद्ध. आधार घेतला तो थांग काळातल्या वू दाओझी या चित्रकाराच्या नावावर चालत आलेल्या चित्राचा. या लोकांची बाजू हलक्यात काढण्याजोगी नाही. जगभर या माणसाच्या नावाने संस्था निघत आहेत, बाजारात भयंकर कुरूप पुतळे विकले जात आहेत, परदेशी मुलाला कन्फ्यूशियस ओळखता आला पाहिजे. मग एक सर्वमान्य, शालीन रूप असले तर बिघडले कुठे? त्यांनी राजमुकुट टाळून शिक्षकाचे रूप निवडले, ही त्यांची जमेची बाजू. मूळ चित्रही सुंदर आहे. शीआनच्या ‘शिलालेखांचे वन’ या संग्रहालयात आणि छूफूत ते दगडावर उतरवलेले आहे, झग्याच्या रेषा वाऱ्यासारख्या वाहत्या आहेत.

पण बिघडते ते इथे. वू दाओझी आठव्या शतकातला, कन्फ्यूशियसनंतर बाराशे वर्षांनी झालेला. त्याने काढले ते चित्र एका कलावंताचे आकलन म्हणून थोर आहे. प्रमाण म्हणून त्याला विशेष अधिकार कोणता? हायहुनच्या आरशावरचे चित्र त्याच्याहून सात-आठशे वर्षे जुने आहे. ते 2015 मध्ये मिळाले, प्रमाण ठरून नऊ वर्षे झाल्यावर! ज्ञान असे पुढे सरकत असताना चेहऱ्यावर शिक्का मारून मोकळे होण्याची घाई कशासाठी? आणि ज्या गुरूने एकाच प्रश्नाला दोन शिष्यांना दोन उत्तरे दिली, ऐकले की लगेच कृती करावी का, या प्रश्नावर उतावळ्या झिलूला थांब म्हटले आणि बुजऱ्या रान छ्यूला पुढे हो म्हटले, त्याला जगात सगळीकडे एकाच मुद्रेत उभा करण्याला प्रमाणीकरण म्हणता येईल, आदर नव्हे. ओळख पटावी म्हणून सगळे सारखे हवे, हा तर्क नाण्यांना आणि टपालतिकिटांना लागू पडतो. शिक्षकाची ओळख त्याच्या वागण्यातून पटते.

प्रेमळ वृद्धाचे रूप निरुपद्रवी आहे, असेही कुणी समजू नये. त्या चेहऱ्यातून राग गाळला गेला आहे. ‘लुन्यू’तला कन्फ्यूशियस दिवसा झोपणाऱ्या शिष्याला कुजक्या लाकडाची उपमा देतो. उकिडव्या बसलेल्या उद्धट ओळखीच्या म्हाताऱ्याच्या नडगीवर काठी हाणतो. श्रीमंत घराण्यासाठी कर वाढवून देणाऱ्या शिष्याविषयी इतरांना सांगतो की हा आता माझा नाही, नगारे वाजवून त्याच्यावर चाल करा. हा माणूस राज्यकर्त्यांना नको झाला होता तो काही उगाच नाही. केवळ मंद हसणारा आजोबा असता, तर एखाद्या दरबारात आरामात राहिला असता.

राहिला तो तर्क, की कन्फ्यूशियसची सगळी चित्रे शेवटी सत्तेची हत्यारे आहेत, म्हणून त्यांच्यात चांगले-वाईट निवडण्यात अर्थ नाही. पुरावा तर मुबलक आहे. नोव्हेंबर 1966 मध्ये बीजिंगहून आलेले रेड गार्ड, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतले तरुण, छूफूत घुसले; मंदिरातली मूर्ती ओढून काढली, मिरवली, जाळली; शेकडो शिळा फोडल्या, थडगी उकरली. 1973-74 च्या मोहिमेत कन्फ्यूशियसला माओच्या मर्जीतून उतरलेल्या लिन ब्याओ या सेनानीच्या जोडीला बसवून भित्तिपत्रके आणि चित्रकथा काढल्या, त्यांत तो विद्रूप, कपटी, गुलामांच्या मालकांचा दलाल. मग वारे फिरले. जानेवारी 2011 मध्ये थ्यानानमन चौकाशेजारी राष्ट्रीय संग्रहालयासमोर वू वैशान या शिल्पकाराचा 9.5 मीटर उंचीचा कांस्य कन्फ्यूशियस उभा राहिला, माओच्या तसबिरीपासून नजरेच्या टप्प्यात. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून हलला आणि संग्रहालयाच्या आतल्या अंगणात गेला. त्याच्या जन्मस्थानाजवळ नीशान डोंगरात आता 72 मीटरचा पुतळा आहे. अर्ध्या शतकात जाळण्यापासून 72 मीटरपर्यंत! हे पाहून चित्रांवरचाच विश्वास उडाला तर समजण्यासारखे आहे.

पण नीट पाहिले तर हाच इतिहास माझ्या बाजूने साक्ष देतो. 1974 चे विद्रूप व्यंगचित्र आणि 2006 चा प्रमाण पुतळा यांत आशय उलटा असला तरी पद्धत सारखी आहे. दोन्हीकडे वरून ठरते की कन्फ्यूशियस हा अमुक एक आहे, आणि दोन्हीकडे बाकीचे कन्फ्यूशियस बाद होतात. सत्तेला चित्र वापरता येते ते एकच चित्र उरले की. हानच्या शिल्पातले पोर, मालिकेतला कारकून, वेशीवरचा बेघर माणूस ही चित्रे कुठल्याही सरकारला सोयीने वापरता आलेली नाहीत. सगळी चित्रे सारखीच दूषित म्हणणारा माणूस ज्या कारागिराने वाकलेला गुरू कोरला आणि ज्या मंत्र्याने मुकुट चढवण्याची शिफारस केली, त्या दोघांना एका रांगेत बसवतो. हा विवेक झाला का?

परक्यांनी केलेल्या निवडीही याच कसोटीवर तपासता येतात. 1687 मध्ये पॅरिसला जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी कन्फ्यूशियसचा लॅटिन ग्रंथ छापला. त्यातल्या कोरीव चित्रात तो एका ग्रंथालयासारख्या इमारतीत उभा आहे, दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटे. चीनमधल्या कुठल्याच मंदिरात असे दृश्य नव्हते. पण कन्फ्यूशियसला वंदन करणारे चिनी ख्रिस्ती मूर्तिपूजक ठरतात का, असा वाद रोममध्ये चालू होता आणि तो देव नसून विद्वान आहे हे युरोपला पटवायचे होते. चित्र असत्य, हेतूही उघड. तरी मूळ माणसातली एक खरी गोष्ट त्याने उचलली: हा पुस्तकांचा माणूस होता, पूजेचा नव्हे. पोपने 1715 मध्ये निकाल विरुद्ध दिला. चित्र हरले, पण त्याची निवड चुकीची नव्हती.

मग आजच्या कलावंताने काय करावे? मला वाटते, त्याने अधिक धीट व्हावे. 2010 मध्ये चो युन-फात या अभिनेत्याने पडद्यावर कन्फ्यूशियस उभा केला, तेव्हा राणी नान्झीबरोबरच्या भेटीत प्रेमाची छटा आहे म्हणून काही वंशजांनी ती दृश्ये कापायची मागणी केली. पण ती भेट ‘लुन्यू’तच आहे, आणि झिलू त्यावर इतका नाराज झाला की गुरूला शपथ घ्यावी लागली. ग्रंथातच असलेली अडचण चित्रात नको, ही भक्ती कसली? 2011 मध्ये शांघायला चांग हुआन या कलावंताने पाण्याच्या हौदात बसलेला, श्वास घेणारा अजस्र कन्फ्यूशियस मांडला. अनेकांना तो किळसवाणा वाटला. मला त्यात एक जुना प्रसंग दिसतो. तुम्हाला संधी मिळाली तर काय कराल, असे कन्फ्यूशियस चार शिष्यांना विचारतो. तिघे राज्यकारभाराच्या गोष्टी सांगतात. चौथा वाद्य बाजूला ठेवून म्हणतो, वसंत सरताना मित्रांबरोबर यी नदीत अंघोळ करावी, वारा खावा आणि गात घरी यावे. गुरू उसासा टाकून म्हणतो, मी तुझ्या बाजूचा. त्या नदीकाठच्या कन्फ्यूशियसला एक चांगला चित्रकार हवा आहे. यान ह्वेई हा लाडका शिष्य गेल्यावर भान सुटून रडणाऱ्या, आणि तुम्ही फार रडलात असे इतरांनी म्हटल्यावर, याच्यासाठी नाही तर कुणासाठी रडू, असे विचारणाऱ्या कन्फ्यूशियसलाही हवा आहे.

मराठीत त्याच्यावर लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांपुरते बोलायचे, तर मागणी साधी आहे. पुस्तकात, पाठात, लेखात त्याचे चित्र टाकताना ते कोणत्या शतकातले, कुणाच्या हुकुमाने किंवा कुणाच्या हौसेने काढलेले, हे चित्राखाली लिहावे. जागा असेल तर एकाऐवजी दोन चित्रे छापावीत: एक मुकुटातले आणि एक हान शिल्पातले, ज्यात मधे ते पोर आहे. मुले विचारतील की यातला खरा कोणता. त्यांना 739 साली काय झाले ते सांगता येईल, 1530 साली काय झाले तेही, आणि चंगच्या वेशीवर तो का हसला हेही.